महाकपींचे पट्टकृमी: ओळख दर वेळी कुठे फसते?

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. चिंपांझीच्या विष्ठेवर पांढरे, चपटे तुकडे दिसले. पहिला अहवाल आला, ‘अंडी आढळली नाहीत’. दुसऱ्या वेळी ‘बर्टिएला स्टुडेरी’, म्हणजे पट्टकृमीची एक जात. तिसऱ्या वेळी नमुना दुसरीकडे पाठवला, तर ‘ॲनोप्लोसेफॅला असावा’. प्राणी तोच, तुकडे तसेच, नावं मात्र बदलत गेली. औषध दिलं, मधे काही काळ बरा गेला, तुकडे पुन्हा दिसले आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

असे अहवाल एकत्र ठेवून वाचले की एक गोष्ट लक्षात येते. नाव बहुतेक वेळा कृमीवरून दिलेलं नसतं, ते प्राण्यावरून आलेलं असतं. चिंपांझी म्हटलं की बर्टिएला स्टुडेरी, पर्वतीय गोरिला म्हटलं की ॲनोप्लोसेफॅला गोरिली, ओरांगउटान म्हटलं की बर्टिएला सॅटिरी. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते नंतर ह्या नावात बसवलं जातं. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात प्राण्याचं नाव शक्य तितकं बाजूला ठेवलं आहे.

तुकडा कृमीचाच आहे ना?

हा प्रश्न बालिश वाटतो, पण गोंधळाची सुरुवात बरेचदा इथेच होते. माशीच्या अळ्या, न पचलेले वनस्पतीचे तंतू, फळाच्या सालीचे पापुद्रे आणि मांस खाणाऱ्या चिंपांझींच्या बाबतीत स्नायुबंधाचे तुकडे, हे सगळं पांढरं आणि चपटं दिसू शकतं. पट्टकृमीचं शरीर खंडांच्या लांब साखळीचं असतं. त्याचा ताजा खंड हलतो, आखडतो, पसरतो. अळीही हलते, पण तिच्या मागच्या टोकाला दोन श्वासछिद्रांच्या चकत्या आणि पुढे तोंडाचे काळे आकडे (हुक) असतात. साध्या भिंगाखाली ते दिसतात.

शंका उरलीच तर तुकड्याची कड कापून ग्लिसरीनमध्ये दोन काचपट्ट्यांमध्ये दाबा. पट्टकृमीच्या ऊतीत गोल, थरांचे, प्रकाश वळवणारे चुनखडीचे कण विखुरलेले असतात. बाजूने सौम्य आम्लाचा थेंब आत ओढू दिला की हे कण विरघळतात आणि बारीक बुडबुडे सुटतात. तंतूंमध्ये किंवा अळीत असं होत नाही. एक अट आहे: नमुना जुन्या, आम्लधर्मी झालेल्या फॉर्मलिनमध्ये बराच काळ पडलेला असेल तर कण आधीच विरघळून गेलेले असतात. तेव्हा कण दिसले नाहीत एवढ्यावरून ‘कृमी नाही’ असं म्हणता येत नाही.

तुकडे दिसतात, पण विष्ठेच्या तपासणीत अंडी नाहीत

सगळ्यात जास्त वेळा येणारी अडचण ही. तिचं कारण कृमीच्या शरीररचनेत आहे. महाकपींमध्ये नेहमी सापडणारे पट्टकृमी सायक्लोफायलिडिया गणातले असतात, आणि ह्या गणात अंडी बाहेर टाकायला गर्भाशयाला स्वतंत्र छिद्र नसतं. पिकलेला खंड अख्खा तुटून बाहेर पडतो आणि अंडी त्याच्या आतच राहतात. तो फुटला, चिरडला गेला किंवा सुकून उकलला तरच अंडी विष्ठेत मिसळतात. शिवाय बर्टिएलाचे खंड एकेक करून रोज पडतात असंही नाही. पुष्कळदा ते साखळीने, एका झटक्यात पडतात आणि मग काही दिवस काहीच दिसत नाही. अशा वेळी विष्ठेचा एक चिमूट भाग घेऊन तरंगवण्याची (दाट द्रावणात अंडी वर आणण्याची) किंवा मॅकमास्टरची (अंडी मोजण्याची) चाचणी केली, तर निकाल शून्य येणं अगदी साहजिक आहे.

उपाय सोपा आहे. विष्ठा आणि तुकडे वेगळे तपासा. खंड उचलून सलाइनच्या थेंबात ठेवा, सुईने मधोमध उकला आणि जे बाहेर येईल ते कव्हरस्लिपखाली पाहा. पिकलेल्या खंडातून अंडी ढगासारखी बाहेर येतात. विष्ठेच्या अहवालात ‘अंडी नाहीत’ लिहिताना ‘खंड आढळले’ किंवा ‘खंड शोधले, आढळले नाहीत’ हेही लिहा. ही एक ओळ गाळल्यामुळे पुढे तपासणाऱ्याला कितीदा उगाच शोधाशोध करावी लागते.

आणि अंड्यांची संख्या मोजून संसर्ग किती ‘जड’ आहे ते ठरवायचा मोह टाळा. गोल कृमींसाठी हा आकडा थोडंफार काही सांगतो. इथे तो फक्त इतकंच सांगतो की त्या दिवशी एखादा खंड विष्ठेत फुटला होता की नाही.

अंडं: किती सांगतं, कुठे थांबतं

अंड्यावरून कुळापर्यंत पोचता येतं, कधीकधी त्याच्या पुढेही, पण जातीपर्यंत जवळजवळ कधीच नाही. ही मर्यादा ध्यानात ठेवली तर अंडं फार उपयोगी आहे.

बर्टिएलाचं अंडं साधारण 40 ते 60 मायक्रोमीटरच्या टप्प्यात, गोलसर ते लंबगोल असतं. चारशे पट मोठं करून पाहिलं तर आधी बाहेरचं पातळ कवच दिसतं, मग मधला दाणेदार थर, मग आतलं कवच आणि त्यात सहा आकड्यांचा (हुकांचा) भ्रूण. आतल्या कवचाच्या एका टोकाला दोन शिंगांसारखी वाढलेली, नासपतीच्या आकाराची रचना असते. ॲनोप्लोसेफॅलिनी ह्या उपकुळाची ही मोठी खूण, पण ती एका फोकसवर दिसेलच असं नाही. अंडं आडवं पडलं असेल तर शिंगं भ्रूणाच्या मागे लपतात. बारीक स्क्रू हळूहळू वर-खाली फिरवा, आणि कव्हरस्लिपला सुईने हलकेच टोचून अंडं लोळवा. एकाच अंड्यावर निर्णय देऊ नका, दहा-वीस तरी बघा.

मोजमापाच्या चुका तर ठरलेल्या. आयपीसमधली मोजपट्टी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी स्टेज मायक्रोमीटरवर (ठरलेल्या मापाच्या काचपट्टीवर) तपासून घेतलेली नसेल तर तुमचा ‘48’ आणि दुसऱ्याचा ‘56’ हे एकच अंडं असू शकतं. दुसरं म्हणजे, साखरेच्या किंवा मिठाच्या दाट द्रावणात पातळ कवचाची अंडी काही मिनिटांत आक्रसतात, पिचकतात. मापं पाण्यात किंवा सलाइनमध्ये घ्या, आणि कशात घेतली तेही लिहा.

नासपतीसारखी रचना नसेल तर दिशा बदलायची. भ्रूणाभोवती जाड, तपकिरी आवरण आणि त्यात केंद्राकडे जाणाऱ्या रेषा दिसल्या, तर तो टिनिया कुळाचा मामला, आणि हातमोजे, नमुन्याची हाताळणी ह्याबद्दल लगेच अधिक सावध व्हायला हवं. आतल्या आवरणाच्या दोन्ही टोकांपासून बारीक तंतू निघत असतील आणि अंडं 30 ते 47 मायक्रोमीटरमध्ये असेल, तर हायमेनोलेपिस नाना. पिंजऱ्यातल्या कपींमध्ये त्याचा विचार करावाच लागतो, कारण मधल्या यजमानाशिवाय (ज्या प्राण्यात कृमीची आधीची अवस्था वाढते त्याच्याशिवाय) थेट अंड्यातूनही तो पसरतो आणि माणसालाही होतो. तंतू नसलेलं, मोठं, 60 ते 85 मायक्रोमीटरचं अंडं दिसलं तर हायमेनोलेपिस डिमिन्युटा. तो मुळात उंदरांचा. एका कवचाच्या पिशवीत अनेक अंडी एकत्र दिसली तर इनर्मिकॅप्सिफर किंवा डॅव्हेनिइडे कुळाकडे बघा.

इथे एक वेगळाच सापळा आहे. चिंपांझी माकडांची शिकार करतात, कोलोबस माकडांची तर विशेष. खाल्लेल्या माकडाच्या आतड्यात बर्टिएलाचे खंड असतील तर त्यांची अंडी चिंपांझीच्या पोटातून तशीच पुढे सरकून विष्ठेत येऊ शकतात. त्या चिंपांझीला संसर्ग नसतोच. म्हणून शिकारीनंतरच्या दिवसांत फक्त अंडी सापडली आणि खंड नसले तर नमुना परत घ्या. पाळतीवर असलेल्या गटात ही नोंद ठेवणं फार अवघड नाही.

खंडाची शरीररचना: जननछिद्रं कोणत्या बाजूला?

प्रौढ कृमींमध्ये बर्टिएला आणि ॲनोप्लोसेफॅला वेगळे करण्याची पारंपरिक कसोटी जननछिद्रांची आहे. दोघांच्याही खंडांत जननेंद्रियांचा एकच संच असतो, आणि खंड लांबीपेक्षा रुंदीला कितीतरी जास्त. ॲनोप्लोसेफॅलात छिद्रं ओळीने एकाच कडेला उघडतात. बर्टिएलात ती अनियमितपणे कधी डाव्या, कधी उजव्या कडेला येतात. मेंढ्या-गुरांमधल्या मोनिएझियात प्रत्येक खंडात दोन संच असतात, त्यामुळे छिद्रं दोन्ही कडांना दिसतात.

वाचायला स्वच्छ आहे. प्रत्यक्षात तीन ठिकाणी घोळ होतो.

एकच खंड हाती असेल तर ही कसोटी लावताच येत नाही. साखळी हवी, आणि जितकी लांब तितकी बरी. अनियमित अदलाबदलीत सलग चार-पाच छिद्रं एकाच बाजूला येणं अशक्य नाही, त्यामुळे छोट्या तुकड्यावरून ‘एकाच कडेला’ असं ठामपणे म्हणू नका.

साखळीला मधे पीळ पडलेला असेल आणि तशीच ती काचेखाली दाबली गेली, तर एकाच बाजूची छिद्रं पिळानंतर दुसऱ्या बाजूला गेल्यासारखी दिसतात. ॲनोप्लोसेफॅलाचा बर्टिएला होतो तो इथे. दाबण्याआधी साखळी पाण्यात पूर्ण उलगडा आणि एका टोकाच्या कडेला तिरका छोटा काप देऊन खूण करा.

तिसरं कारण खंडाच्या वयाचं. विष्ठेत पडतो तो पिकलेला खंड. त्यात वृषण, अंडाशय झिजून गेलेले असतात आणि आडवं गर्भाशय अंड्यांनी सगळा खंड व्यापून बसतं. जात ठरवायला लागणारी वृषणांची संख्या आणि जागा, अंडाशयाचा आकार, सिरस पिशवीची (नर जननेंद्रियाच्या पिशवीची) लांबी हे सारं परिपक्व पण न पिकलेल्या खंडांत दिसतं, आणि ते आतड्यातच असतात. म्हणजे ज्या तुकड्यांवर आपण सगळे नाव लिहितो, त्यांत जातीची ओळख पटवणारे अवयव उरलेलेच नसतात.

डोकं मिळालं तर चांगलं, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नकोत. बर्टिएलाच्या डोक्यावर चार चूषक असतात, आकडे नसतात. ॲनोप्लोसेफॅलाचंही तसंच. घोड्यांच्या ॲनोप्लोसेफॅला पर्फोलिएटाच्या चूषकांमागे पाळ्या असतात म्हणून काही जण गोरिलाच्या कृमीतही त्या शोधत बसतात, पण ती त्या एका जातीची खूण आहे, सगळ्या वंशाची (जवळच्या जातींच्या गटाची) नव्हे. डोक्याचा खरा उपयोग आकडे असलेल्या कुळांना बाजूला काढायला होतो.

औषधानंतर पडलेल्या कृमीत डोकं शोधण्यात वेळ घालवू नका. प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड दिल्यावर कृमी बरेचदा विरघळत, तुकडे होत बाहेर येतो. अख्खा नमुना मिळतो तो शवविच्छेदनात. तिथे डोकं आतड्याच्या अस्तराला धरून असेल तर चिमट्याने ओढू नका, मान तुटते. अस्तराचा तेवढा भाग कापून पाण्यात थंड जागी ठेवा. पकड आपोआप सुटते.

नमुना जतन करताना

जिवंत खंड थेट थंड अल्कोहोलमध्ये टाकला की तो आखडून सुरकुततो, अवयव एकमेकांवर चढतात आणि नंतर कार्मिनचा रंग कितीही चांगला चढवा, काही वाचता येत नाही. आधी साध्या पाण्यात, फ्रीजमध्ये, हालचाल थांबेपर्यंत ठेवा. मग दोन वाटे करा. एक गरम फॉर्मलिनमध्ये, रंग आणि शरीररचनेसाठी. दुसरा 96 टक्के इथेनॉलमध्ये, डीएनएसाठी. फॉर्मलिनमध्ये डीएनए मोडतो, म्हणून सगळा नमुना फॉर्मलिनमध्ये टाकलेली बरणी म्हणजे अर्धी वाट बंद. आणि दोन्ही वाटे एकाच साखळीचे हवेत. दोन वेगवेगळ्या कृमींचे घेतले तर शरीररचना एकाची आणि जनुकं दुसऱ्याची, असा संकरित अहवाल तयार होतो.

चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. बाहेरची शाई अल्कोहोलच्या एका ओघळाने जाते.

टिनिया किंवा त्याच कुळातल्या एकायनोकॉकसची शक्यता असेल तेव्हा अल्कोहोल किंवा फॉर्मलिनवर भरवसा ठेवू नका. एकायनोकॉकसची अंडी त्यांना दाद देत नाहीत. असा नमुना उणे 80 अंशांवर काही दिवस गोठवूनच पुढे हाताळतात.

जनुक क्रमही वेगळंच नाव सांगतो

क्रम जुळवून ‘99 टक्के साम्य’ आलं की वाद मिटला असं वाटतं. मिटत नाही, कारण डेटाबेसमधल्या नोंदींची नावंही बऱ्याचदा प्राण्यावरूनच दिलेली असतात.

ह्या नावांचा इतिहासच गुंतागुंतीचा आहे. प्राणिशास्त्रज्ञ ब्लांशार यांनी 1891 मध्ये बर्टिया नावाखाली महाकपींमधले कृमी वर्णिले. ते नाव आधीच दुसऱ्या प्राण्यासाठी वापरात असल्याने स्टाइल्स आणि हॅसल यांनी 1902 मध्ये वंशाचं नाव बर्टिएला केलं. ओरांगउटानचा बर्टिएला सॅटिरी पुढे बराच काळ स्टुडेरीतच मोडला जाई, नंतर त्याला पुन्हा स्वतंत्र जातीचा दर्जा दिला गेला. म्हणजे जुन्या अहवालातला ‘स्टुडेरी’ आणि नव्यातला ‘सॅटिरी’ हा बदल कित्येकदा कृमीचा नसून वर्गीकरणाचा असतो. जुनी आणि नवी नोंद जोडताना हे आधी तपासा.

2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रेणवीय अभ्यासात चिंपांझी, पश्चिमी आणि पर्वतीय गोरिला, सुमात्रन ओरांगउटान, दक्षिण अमेरिकेतलं टिटी माकड आणि माणूस ह्यांच्यातले नमुने एकत्र तपासले गेले. पर्वतीय गोरिलातला, ॲनोप्लोसेफॅला गोरिलीशी मिळताजुळता ठरवलेला नमुना थेट प्रायमेटांच्या (माकडं, कपी, माणूस ह्यांच्या) बर्टिएला गटात जाऊन बसला. ह्याचे दोन अर्थ निघतात: एक तर गोरिली ही जात बर्टिएला वंशातच घालायला हवी, किंवा पर्वतीय गोरिलात बर्टिएलाची एखादी अनोळखी जात आहे. शिवाय केंद्रकातल्या 28एस जनुकावरून पाहता प्रायमेटांमधला बर्टिएला आणि ऑस्ट्रेलियातल्या शिशुधान (कांगारूसारख्या पिशवीवाल्या) प्राण्यांमधला बर्टिएला एका घरातले ठरत नाहीत. आणि नमुन्यांमध्ये भरपूर भेद असूनही ते भेद ना प्रदेशाप्रमाणे पडले ना यजमानाप्रमाणे.

माझ्या मते ह्यातली शेवटची गोष्ट रोजच्या कामात सगळ्यात महत्त्वाची. ‘गोरिलात सापडला, म्हणून ॲनोप्लोसेफॅला’ ह्या वाक्याला आता आधार उरलेला नाही. सीओएक्स-1 सारखं मायटोकॉन्ड्रियातलं एक आणि केंद्रकातलं एक, अशी दोन जनुकं तरी तपासा, आणि ज्या नोंदीशी जुळलं ती कोणत्या प्राण्यातली, कोणत्या भागातली, तिच्यासोबत रंगवलेला नमुना जतन केलाय की नाही, ते पाहून मगच नाव उचला.

आतड्यात नाही, यकृतात आहे

काही वेळा प्रश्नच वेगळा असतो. यकृतात, फुप्फुसात किंवा उदरपोकळीत पाण्याने भरलेल्या गाठी सापडतात. इथे कपी हा मधला यजमान, आणि गाठीत असतो तो टिनिया कुळातल्या एखाद्या मांसाहारी प्राण्याच्या कृमीचा डिंभ (अपरिपक्व अवस्था). बर्टिएलाचा इथे काही संबंध नाही. जननछिद्रांची कसोटी निरुपयोगी. आकडे असतील तर त्यांची लांबी आणि आकार, नसतील तर जनुक क्रम, हीच वाट. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेलं प्रकरण ह्याचा नमुना आहे. पिंजऱ्यातला एक लहान बोर्नियन ओरांगउटान शरीरभर पसरलेल्या अनोळखी संसर्गाने दगावला. ऊतींतल्या डीएनएचं खोलवर क्रमनिर्धारण केल्यावर तो व्हर्स्टेरिया वंशातला, तोवर अज्ञात असा पट्टकृमी निघाला. ह्या वंशातल्या ओळखीच्या जातीचा प्रौढ कृमी वीझल, मिंक ह्यांच्या कुळातल्या (मस्टेलिडे) शिकारी प्राण्यांत राहतो. कपींच्या पिंजऱ्याभोवती कोणते रानटी प्राणी विष्ठा टाकून जातात, हे विचारायचं सुचतं ते अशा वेळी.

औषधानंतर पुन्हा तुकडे

बर्टिएलाचं चक्र ओरिबॅटिड माइटमधून (कोळ्यांच्या नात्यातल्या अगदी बारीक जिवातून) जातं. परजीवीतज्ज्ञ स्टंकर्ड यांनी 1940 मध्ये ते दाखवून दिलं. हे माइट मातीत, गवतात, पालापाचोळ्यात राहतात आणि पाल्याबरोबर पोटात जातात. म्हणून विष्ठेतल्या अंड्यातून त्याच गटातल्या दुसऱ्या प्राण्याला थेट लागण होत नाही, आणि औषध कितीही चांगलं असलं तरी चारा आणि जमीन तीच राहिली तर कृमी परत येणारच. तुकडे लवकरच दिसू लागले तर डोकं आत राहिल्याचा संशय घ्या. बऱ्याच काळाने दिसले तर नवी लागण जास्त संभवते. दोन्ही वेळच्या साखळ्या इथेनॉलमध्ये ठेवलेल्या असतील तर तुलना तरी करता येते.

जंगलातल्या नोंदींत आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. युगांडातल्या किबाले जंगलात, कान्यावारा इथे चिंपांझींचे अभ्यासक रँगम यांनी 1995 मध्ये चिंपांझी अख्खी पानं न चावता गिळतात तेव्हा विष्ठेत पट्टकृमीचे तुकडे जास्त दिसतात असं नोंदवलं. त्यामुळे घडीची न पचलेली पानं दिसली की काही जण तुकडे न शोधताच ‘पट्टकृमी’ अशी खूण करतात. पानं आतड्यातल्या गोल कृमींच्या संसर्गातही गिळली जातात. पानं ही शोधायला लावणारी खूण आहे, त्यांच्या घड्या उलगडून पाहा.

अहवालात शेवटी नाव लिहायचं ते असं: फक्त नासपतीसारख्या रचनेची अंडी मिळाली असतील तर ‘ॲनोप्लोसेफॅलिडे कुळ, वंश अनिश्चित’. लांब साखळीत छिद्रं अनियमितपणे अदलाबदल करत असतील तर ‘बर्टिएला, जात अनिश्चित’. एका कडेला असतील आणि प्राणी गोरिला असेल तर ‘ॲनोप्लोसेफॅलासदृश, जनुक तपासणी बाकी’. जातीचं नाव परिपक्व खंड आणि दोन जनुकं हाती असतील तेव्हाच, आणि त्याच्या खाली इथेनॉलमधल्या बाटलीचा क्रमांक.